वडिलांचा सातवीचा दाखला

दहावीची परीक्षा संपली की आमच्या गावात पोरांची सुट्टी सुरू व्हायची आणि माझी डोकेफोड सुरू व्हायची. भालकी तालुक्यातलं, महाराष्ट्राच्या हद्दीला चिकटलेलं गाव. तिथल्या मराठी हायस्कुलात मी गणित आणि विज्ञान शिकवत होतो. दहावीपर्यंत सगळं मराठीतून चालायचं. पुढं पोरगं बीदरला पीयूसीला, म्हणजे अकरावीला गेलं की पुस्तक इंग्रजीतलं, आणि ते समजावून सांगायचं कन्नडमधून. आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हेच.

म्हणून मी एप्रिल-मेमध्ये सकाळी सात ते दहा 'कॉलेजची तालीम' घ्यायचो. पंचायतीच्या कचेरीतून चार बाकं उचलून आणायची, पोरांना त्यावर बसवायचं, कारण तोवर ती जमिनीवरच बसलेली. मग मी फळ्याकडे तोंड करून पाऊण तास इंग्रजीतून बोलत सुटायचो, मागं वळून बघायचं नाही. माझं इंग्रजी म्हणजे बैलगाडीला बसवलेला मोटारीचा हॉर्न, पण गोंधळ घालायला पुरेसं होतं. हेतू एवढाच की पोरांनी उठून म्हणावं, सर, कळलं नाही. आमच्या पोरांना तेच येत नसे. गप्प बसणं म्हणजे संस्कार, असं घरी शिकवलेलं.

"कामून गप बसलाव?" मी ओरडायचो. "कॉलेजात कुणी तुमच्या तोंडाकडं बघून थांबणार न्हाई!"

मी तापट माणूस. खडू फेकून मारायचो, मग स्वतःच उचलून आणायचो. आमच्या घरातून शाळेत गेलेला मी पहिलाच, त्यामुळे कुणाचं शिक्षण अर्धवट सुटलं की मला ते मनाला लागायचं. अनोळखी माणसांसमोर डबा उघडून कसं जेवायचं, खोलीवर भांडण झालं तर काय करायचं, ग्रंथालयात पुस्तक कसं मागायचं, सगळं मी त्या तालमीत शिकवायचो. बायको म्हणायची, पोरं सासरी चालल्यासारखी तयारी करायलाव तुम्ही.

ज्या मुलीबद्दल सांगायचंय ती याच तालमीतली. तिच्या घरी पूर्वी मेंढरं होती. एका दुष्काळात कळप विकला आणि बाप हैदराबादला इमारतीच्या कामावर जायला लागला, सणावारी घरी यायचा. आई दुसऱ्याच्या रानात खुरपायला जायची. मुलगी बोलायची कमी. पण एके दिवशी माझ्या इंग्रजी गाडीच्या मध्येच ती उभी राहिली.

"सर, तुम्ही तोंडानं वेग म्हणलाव आन् फळ्यावर त्वरण लिव्हलाव."

आधी मला राग आला. मग वळून फळा बघितला आणि हसू फुटलं. सहा वर्षांच्या तालमीत बाकावरून उठून माझी चूक काढणारी ती पहिलीच. त्या दिवशी मी ठरवलं की ही इंजिनियर होणार. मी ठरवलं, हे लक्षात ठेवा. तिला कुणी विचारलं नव्हतं, पण विचारल्यावर तिनं मान हलवली आणि डोळे असे चमकले की मला वाटलं, आपलं बरोबर आहे.

प्रश्न आला कुठल्या कॉलेजात घालायचं याचा. आदल्या वर्षी माझा एक हुशार विद्यार्थी बीदरला गेला आणि महिन्याभरात गाठोडं घेऊन परत आला. खोलीतली पोरं वाईट नव्हती, मास्तर वाईट नव्हते, त्याला फक्त काही कळत नव्हतं. तो पुन्हा शाळेकडे फिरकला नाही. दुकानात दिसला की मान खाली घालून जायचा आणि मला आतून जळल्यासारखं व्हायचं. या पोरीचं तसं होऊ द्यायचं नव्हतं.

उदगीरला तिची मावशी होती. तिथं कॉलेजात पुस्तक इंग्रजी असलं तरी मास्तर मराठीत बोलायचे. तिच्या बापाला मी समोर बसवून सांगितलं, "अण्णा, उदगीरला घाला. तिकडं आपली भाषा हाय."

"तुम्ही म्हंताव तिकडं," तो म्हणाला. "आम्ही अंगठेबहाद्दर. आम्हाला काय कळतंय?"

पुढं दोन वर्षांनी जे झालं त्याचं मूळ या बैठकीत आहे. आणि ही चूक आमच्याच भागातला माणूस करू जाणे, कारण आम्हाला हद्द दिसतच नाही. आमच्या लेकी उदगीरला दिलेल्या, बैल उदगीरच्या बाजारातले, चष्मा लातूरचा. हद्द म्हणजे एसटीचा रंग बदलतो आणि मैलाच्या दगडावरची अक्षरं बदलतात, एवढंच. मी पोरांना चाळीस चाळीस इंग्रजी शब्द घोकायला लावले, पण पुढच्या प्रवेशाचे नियम काय, हे एकदाही कुणाला विचारलं नाही.

बारावीला तिनं उत्तम गुण मिळवले. कर्नाटकाची प्रवेशपरीक्षाही दिली आणि तिच्यातही वरचा क्रमांक आला. आईनं वाटीभर साखर आणून माझ्या हातावर ठेवली. मी शाळेत मिरवत होतो. मग बीदरहून प्रवेशाची माहितीपुस्तिका आणली आणि अंगणात बसून वाचायला घेतली. तिसऱ्या पानावर मी अडलो. बारावी राज्यातच झालेली पाहिजे. तिची बारावी महाराष्ट्रातली.

दुसऱ्या दिवशी मी लातूर गाठलं. तिथल्या प्रवेश कचेरीच्या खिडकीतल्या माणसानं कागद चाळले आणि म्हणाला, बारावी आमच्याकडची आहे, पण दहावी कर्नाटकाची, राहणारी कर्नाटकाची, आमच्या नियमात बसत नाही. सीमेवरच्या मुलांना काही जागा असतात असं कुणीतरी सांगितलं. त्यासाठी गावाचं नाव यादीत लागतं. शेजारचं गाव यादीत होतं, आमचं नव्हतं. धड इकडचं नाही, धड तिकडचं नाही. परतीच्या गाडीत मी दांडीला धरून उभा होतो आणि मोठ्यानं रडावंसं वाटत होतं. दोन राज्यांनी मिळून जे केलं नसतं ते मी एकट्यानं केलं होतं.

कर्नाटकाची पुस्तिका पुन्हा वाचली. दहा वेळा वाचली. शेवटाकडे बारीक अक्षरात एक सवलत सापडली. बारावी बाहेर झाली असली, तरी आई किंवा वडील यांपैकी एकानं राज्यातल्या शाळेत सात वर्षं शिक्षण घेतलं असेल, तर चालेल. त्यांचा शाळेचा दाखला जोडावा.

आई शाळेची पायरी चढली नव्हती. बाप चढला असेल तर मेंढरू शोधायला.

मी हैदराबादला निरोप धाडला. बाप दोन दिवसांनी आला, अंगावर सिमेंटची धूळ तशीच. मी त्याला सवलत समजावून सांगितली.

"म्हंजी मी शिकलो असतो तर पोरगी शिकली असती?"

"व्हय."

"सर," तो हळूच म्हणाला, "जुनं रजिस्टर तुमच्याच ताब्यात हाय न्हवं? एक नाव घालायला कितीक शाई लागती?"

इथं मला म्हणता आलं असतं की मी चिडलो, त्याला बाहेर काढलं. तसं काही झालं नाही. खरं सांगतो, तो बोलायच्या आधीच माझ्या डोक्यात तेच आलं होतं. त्या वर्षी मुख्याध्यापकाची जागा रिकामी होती आणि कारभार माझ्याकडे होता. प्राथमिक शाळेची जुनी रजिस्टरं आमच्याच कपाटात पडून असायची. शिपाई जेवायला गेल्यावर मी कपाट उघडलं. एका जुन्या वर्षाच्या पानाच्या तळाशी दोन ओळी कोऱ्या होत्या. दौत-टाक काढला आणि बापाचं नाव लिहिलं. पहिलीत दाखल, सातवी उत्तीर्ण, वर्तणूक चांगली. मग दाखला लिहिला, शिक्का मारला, खाली सही केली. अठरा वर्षांच्या नोकरीत मी कुणाचा एक गुण वाढवला नव्हता. माझा हात जराही थरथरला नाही, याचीच मला पुढं भीती वाटत राहिली.

मुलीला कळलं तेव्हा ती घरी आली. दारातच उभी राहिली.

"सर, हे कामून करायलाव? मी बी.एस्सी. करते की उदगीरलाच. तिथं घेत्यात मला. फॉर्मबी आणलाय."

"तू गप बस," मी ओरडलो. "बी.एस्सी. करून काय करणार? माझ्यासारखी खडू झिजवत बसणार?"

"झिजवते की."

"फॉर्म ठेव घरात. मूळ कागद माझ्याकडं हायत, ते गुलबर्ग्याला तपासणीत लागणार हायत."

दोन वर्षांपूर्वी जी पोर बाकावरून उठून माझी चूक काढत होती, ती आता गप्प बसली, आणि मला त्या गप्प बसण्याचं बरं वाटलं. आज हे लिहिताना लाज वाटते.

कागदपत्रांच्या तपासणीला गुलबर्ग्याला जायला चार दिवस होते. पालकाला सोबत आणायचं होतं आणि त्यानं तिथल्या कारकुनासमोर सही करायची होती. सातवी पास माणसाला सही यायला पाहिजे. मग मी बापाची तालीम सुरू केली. दुपारी शाळेमागच्या लिंबाखाली आम्ही दोघं बसायचो. त्यानं पेन धरलं ते मेंढरं हाकायच्या काठीसारखं, मुठीत. पहिल्या दिवशी कागद फाटला. दुसऱ्या दिवशी मी त्याचं मनगट धरून अक्षरं गिरवून घेतली. सिमेंटनं त्याची बोटं फुटलेली होती, पेन टोचायचं, तरी तक्रार नाही. मी रागावलो की तो हसायचा.

"सर, या वयात मार खाऊ घालताव का?"

तिसऱ्या दिवशी नाव वाचता येईल असं आलं. चौथ्या दिवशी न बघता येऊ लागलं. मी त्याला वर्षंही पाठ करून घेतली. कुठल्या साली पहिलीत, कुठल्या साली सातवी पास. मास्तर कोण होते असं विचारलं तर आठवत नाही म्हणायचं. तो सगळं पाढ्यासारखं म्हणून दाखवायचा. इतका मन लावून शिकणारा विद्यार्थी मला फार वर्षांत मिळाला नव्हता, आणि मी त्याला खोटं बोलायला शिकवत होतो.

पाचव्या दिवशी पहाटेची गाडी धरून आम्ही तिघं निघालो. हुमनाबादला गाडी बदलली. गुलबर्ग्यात एका मोठ्या हॉलमध्ये टेबलं मांडलेली, रांगा लागलेल्या. आईबापांच्या हातात फायली, पोरांच्या अंगात नवे कपडे. बापानं मेव्हण्याच्या लग्नात मिळालेला शर्ट घातला होता. मुलगी माझ्या आणि त्याच्या मध्ये उभी. तिच्या तोंडावर आशा नव्हती असं नाही. ती होती, आणि ती मला बघवत नव्हती.

आमच्या टेबलावरचा कारकून पन्नाशीचा, शांत माणूस. त्यानं मुलीचे गुण बघितले, क्रमांक बघितला आणि कन्नडमध्ये शाबासकी दिली. मग बारावीचा कागद बघून थांबला. मी पोरीचा मास्तर म्हणून ओळख सांगितली, सवलतीचं पान पुढं केलं, दाखला पुढं केला. त्यानं दाखला नीट वाचला. आमचं कन्नड मोडकं आहे हे ओळखून तो दख्खनीत बोलायला लागला.

"बाबा, तुमे सातवी पढे?"

"हौ साब."

"कौनसे साल में?"

बापानं साल सांगितलं. बरोबर सांगितलं. कारकुनानं एक छापील कागद काढला, सगळे कागद खरे असल्याचं पालकाचं लिहून देणं, आणि खाली बोट ठेवलं.

"इधर दस्तखत करो."

मी माझं पेन टोपण काढून बापाच्या हातात दिलं. त्यानं ते घेतलं. पण टेबलावर, कागदाच्या अगदी जवळ, शिक्के मारायचं शाईचं पॅड उघडं पडलं होतं. त्याची नजर पॅडवर गेली. त्यानं पेन हळूच बाजूला ठेवलं, डाव्या हाताची बाही मागं सारली, अंगठा पॅडवर टेकवला आणि बोट ठेवलं होतं तिथं उमटवला. डावीकडून उजवीकडं, सावकाश, ठसा कुठं फिसकटू नये म्हणून. मुकादमाच्या हजेरीपुस्तकावर, रेशनच्या दुकानात, कळप विकताना, साऱ्या आयुष्यात हेच केलेलं. मग त्यानं मान वर केली आणि सुटल्यासारखं हसला. काम झालं होतं.

माझं तोंड बघून त्याचं हसणं गेलं. त्यानं अंगठ्याकडे बघितलं.

कारकुनानं अंगठ्याचा ठसा बघितला, दाखला बघितला, दाखल्याखालची सही बघितली आणि मग माझ्याकडे बघितलं. सही कुणाची हे त्याला कळलं होतं. मागं रांगेत कुणीतरी घाई करत होतं. त्यानं ठशाचा कागद फाडून टोपलीत टाकला. दाखल्याची घडी घातली आणि माझ्या हातात दिली.

"मास्टर साब, ये कागद मेरे सामने आयाच नई. समझे? बाल-बच्चे होंगे तुमारे."

मला पाय धरावेसे वाटले, आणि त्याच वेळी त्यानं मला पोलिसात द्यावं असंही वाटलं. "साब, पोरगी हुशार हाय," मी काहीतरी बोललो, मराठीतच बोललो. त्यानं मुलीकडे बघितलं. "देखा मैं," एवढंच म्हणाला आणि पुढच्या पोराला हात केला.

बाहेर येईपर्यंत बाप अंगठा डोक्याच्या केसांत पुसत होता. पुन्हा पुन्हा पुसत होता. शाई केव्हाच गेली होती.

"हातच गेला सर," तो म्हणत होता. "मला म्हाईत न्हाई कसा, हातच गेला. मला येत होतं."

"व्हय, येत होतं," मी म्हणालो.

"अप्पा, चला," मुलगी म्हणाली. तिनं त्याचा तो हात धरला आणि रस्ता ओलांडून स्टँडकडे चालू लागली. दोघांच्या मागं मी, फाईल बगलेत धरून.

मूळ कागद त्या फायलीत अडकलेले असताना उदगीरच्या बी.एस्सी.च्या प्रवेशाची मुदत आदल्याच दिवशी संपली होती. हे मला परतल्यावर कळलं. तिला गुलबर्ग्याला निघतानाच माहीत होतं. तिनं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. तेल गेलं, तूपही गेलं. त्या वर्षी तिनं कुठंच प्रवेश घेतला नाही, आणि पुढचं वर्ष यायच्या आत तिचं लग्न ठरलं. बाप माझ्यावर एका शब्दानं रागावला नाही. तो रागावला असता तर मला बरं झालं असतं. ती कॉलेजची तालीमही मी पुन्हा घेतली नाही. पोरं विचारायला यायची, सर, कुठं जाऊ, बीदरला की उदगीरला? मी म्हणायचो, दुसऱ्या सरांना विचारा.

पण त्या संध्याकाळी गाडीत हे सगळं अजून पुढं होतं. मुलगी खिडकीशी बसली होती, बाहेर तुरीची रानं मागं जात होती आणि ती त्यांच्याकडे बघत होती. बाप आमच्या मध्ये. हुमनाबाद मागं पडल्यावर त्यानं माझ्याकडे पेन मागितलं. कागद नव्हता. मी खिशातला तो दाखला काढून दिला, आता त्याचं दुसरं काही होणार नव्हतं. त्यानं तो मांडीवर पालथा घातला आणि गाडीच्या हिसक्यांतून, जीभ दातांत धरून, एकेक अक्षर काढत त्यावर आपलं पूर्ण नाव लिहिलं. आधी स्वतःचं, मग आपल्या वडिलांचं, मग आडनाव. कुठं अडला नाही. लिहून झाल्यावर त्यानं कागद माझ्यासमोर धरला.

"बगा सर. बरोबर हाय का?"

मुलीनं मान वळवली नाही. मी कागद हातात घेतला आणि वह्या तपासतो तसा तपासला. एकही काना-मात्रा चुकली नव्हती.

"बरोबर हाय," मी म्हणालो.